मालकांचा पुठ्ठा

गेल्या रविवारी बायकोने माझ्या हातात चार कामांची यादी ठेवली. गुरुवारी गारगोटीहून आई राहायला येणार होती. तिचे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत, म्हणून तिच्यापुरतं घर जरा नीट करायचं होतं. पंखा पुसणे, दाराची कडी, पलंगाचा हलणारा पाय आणि न्हाणीतली दांडी. सकाळी नऊला मी बनियनवर तयार झालो. पंख्यासाठी स्टूल काढलं तर त्याचा एक पाय आखूड निघाला. पायाखाली घालायला काहीतरी शोधताना आमच्या लग्नाचा अल्बम सापडला, आणि अल्बम उघडा पडला की बघावा लागतोच. जेवायच्या वेळेला पंख्याचं एक पातं पुसून झालं होतं. संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय काय झालं?" मी म्हणालो, "सुरुवात झाली आहे."

हे वाक्य माझं नव्हे, मालकांचं.

मालक म्हणजे राजारामपुरीतले माझे घरमालक. लग्नाआधी चार वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, तेव्हाही शिकवायचो. ते मला 'सर' म्हणत आणि माझ्या ज्ञानावर त्यांचा अफाट विश्वास होता. तो किती महागात पडला ते पुढे येईलच.

मालकांची हयात साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. कोणी कुठलं हत्यार नेलं आणि परत आणलं की नाही, एवढं बघायचं काम. हत्यार चालवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. पण तीस वर्षं हत्यारांत राहिल्यामुळे आपण कारागीर आहोत असं त्यांना मनापासून वाटायचं. जिन्याखालच्या भिंतीवर त्यांची सगळी हत्यारं टांगलेली असत, आणि प्रत्येकाच्या भोवती लाल ऑइलपेंटने त्याचा आकार रंगवलेला. एकदा मी पक्कड नेली आणि हातोडीच्या जागेवर टांगून ठेवली. मालक सकाळी सहाला माझ्या दारात हजर.

"सर, हातोडीच्या जागंला पक्कड बसवलासा. उद्या क्लासात तुमच्या जागंला दुसऱ्याला बसवलं तर चालंल व्हय?"

मी लुंगीवर खाली गेलो आणि पक्कड तिच्या आकारात टांगून आलो.

मालकांचा कामाचा वार रविवार. आठ वाजता अंगणात पोतं अंथरायचं, त्यावर लागतील ती आणि लागणार नाहीत तीही हत्यारं ओळीने मांडायची, मग चहा. मग कामाच्या जागेसमोर उभं राहून दोन्ही हात कमरेवर. "कामाला काय लागतंय सर? तयारी महत्त्वाची," असं म्हणायचे. तयारी झाली की अडचणी सुरू. गॅलरीचा दरवाजा खाली घासत होता. तो रंधायचा तर काढायला हवा, काढायचा तर बिजागरीचे स्क्रू निघायला हवेत, स्क्रू गंजलेले, तेल सोडायचं तर तेलाच्या डब्यात मेलेलं झुरळ. तेल आणायला मालक लक्ष्मीपुरीला गेले, वाटेत स्कूटर पंक्चर झाली, पंक्चरवाल्याशी ऊसदराच्या गप्पा निघाल्या. दिवेलागणीला तेल घेऊन परत आले आणि त्यांनी बिजागरीला ते मनसोक्त पाजलं. दरवाजा उघडून मिटून मला म्हणाले, "घासतोय. पण आवाज न्हाय."

"मग काम झालं म्हणायचं?"

"सुरुवात झालीया की."

त्यांच्या घरी मिस्त्री कधी येत नसे. घरात एवढी हत्यारं असताना बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे मालकांना अपमान वाटायचा.

या सगळ्या कामांचा हिशेब काकींकडे. काकी म्हणजे मालकीणबाई, माहेर कोडोलीचं, अंगाने लहान आणि आवाजाने मोठ्या. साडीच्या बॉक्समधला पांढरा पुठ्ठा त्यांनी सुतळीने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधला होता, आणि त्याच सुतळीला पेन्सिल. घरातलं जे काम निघेल ते पुठ्ठ्यावर. या पुठ्ठ्याचे दोन कायदे होते. पहिला, ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं. म्हणजे मालकांनी दरवाजा झाला म्हणून सांगून भागत नसे. काकी येऊन दरवाजा उघडून बघायच्या आणि "घासतोय की ओ," म्हणून पेन्सिलीला हात न लावता परत जायच्या. दुसरा कायदा मालकांचा. भाडेकरूचं काम आधी, घरचं मागनं.

"तुम्ही पावणं हायसा. तुमची गैरसोय झाली तर आमचं नाव जाईल," ते म्हणायचे.

हा दुसरा कायदा मी चार वर्षं मनसोक्त वापरला. माझ्या नळाचा वॉशर, माझी खुंटी, माझ्या खिडकीची खिट्टी. पुठ्ठ्यावर सगळ्यात वर काकींच्या अक्षरात एक ओळ होती, खाली दोन रेघा मारलेली: 'न्हाणीत धरायला दांडी'. मी राहायला आलो तेव्हाही ती होती. दांडीसुद्धा आणलेली होती, स्टीलची, माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पण दर वेळी तिचा नंबर यायला आणि मला एखादी खुंटी हवी व्हायला एकच गाठ पडायची.

शेवटचं माझं काम होतं आरसा. आमच्या क्लासने चौकात भला मोठा फ्लेक्स लावायचा ठरवला होता, त्यावर आम्हा सगळ्या शिक्षकांचे फोटो. फिजिक्सच्या खाली माझा चेहरा झळकणार म्हटल्यावर मला एकाएकी माझ्या मिशीची काळजी वाटू लागली. मोठा आरसा आणला आणि पुठ्ठ्याच्या तळाला माझ्या हाताने लिहिलं, 'आरसा'.

रविवारी मालक वर आले. स्टुलावर चढून खिळा ठोकायला लागले आणि मी आरसा धरून सूचना द्यायला लागलो. जरा डावीकडे. अर्धा इंच वर. परत डावीकडे. मालकांच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे, आणि हातोडी चालू असली की उजव्यालाही. तेवढ्यात खालून काकींची हाक आली, "आवो!"

मी ती ऐकली. मालकांनी ऐकली नाही. चहाला बोलावत असतील असं मला वाटलं, आणि आरसा अजून अर्धा इंच उजवीकडे झुकत होता. मी मालकांना काही बोललो नाही. आणखी एक हाक आली, तीही मी कानाआड केली. आरसा सरळ झाला, मालक खाली उतरले, आम्ही दोघांनी आरशात स्वतःला बघून घेतलं. मग खाली गेलो.

काकी न्हाणीत पडल्या होत्या. साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला, धरायला हात पुढे केला तर धरायला काही नव्हतं. उजवं मनगट मोडलं होतं. दहा मिनिटं तरी त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. घर्षण नसतं तर माणसाला एक पाऊलही टाकता आलं नसतं, हे वाक्य मी दरवर्षी नव्या बॅचला हातवारे करून सांगतो. त्या आठवड्यात तो धडा आला तेव्हा मी फळा पुसत राहिलो.

हाताला प्लास्टर घालून भावाने काकींना कोडोलीला नेलं. दीड महिना मालक दूध-पाव खाऊन राहिले. मी डबा दिला तर अर्धा परत यायचा. प्लास्टर निघाल्याचं कळलं त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते आणायला गेले आणि संध्याकाळी एकटेच परत आले. जिन्याच्या पायरीवर बसले.

"काय झालं, मालक?"

"पुठ्ठा कोरा झाल्याबिगर येत न्हाय म्हणती." मग म्हणाले, "भावासमोर म्हणाली ओ. चेष्टा न्हाय." घराकडे मान वळवून बघितलं. "दोनच खोल्या हायत सर, पर लई मोठं झालंय घर."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर मी हुशारी करायला जातो. म्हणालो, "मालक, उद्याच सुरू करू. मी मदतीला आहे."

पुठ्ठ्यावर सहा ओळी होत्या. दांडी, गॅलरीचा दरवाजा, स्वयंपाकघराची खिडकी, मांडणीची हललेली फळी, भरून वाहणारी टाकी आणि माळ्यावरचा बल्ब. सातवी ओळ माझी, आरशाची. आरसा लागलेला होता, पण ती ओळ खोडायचं मला धाडस झालं नव्हतं. रोज त्या आरशात मिशी बघताना मला हाकच ऐकू यायची.

पहिली दांडी. मालकांनी पोतं अंथरलं, हत्यारं मांडली, चहा केला. ड्रिल मशीनची वायर आखूड निघाली. जोडायला बोर्ड आणला तर त्याची पिन न्हाणीतल्या सॉकेटात जाईना. दुसरा बोर्ड शेजाऱ्याकडून आणला तेव्हा वीज गेली. ती आली तेव्हा ड्रिलचं टोक बोथट असल्याचं कळलं. नवीन टोक आणलं, आणि मग मालकांनी तो घातक प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही फिजिक्सवालं. दांडी नेमकी कुठं बसवायची?"

खरं तर माणसाचा पुढे केलेला हात जिथे भिंतीला टेकतो तिथे बसवायची. पण मी काकींची उंची काढली, शरीराचा गुरुत्वमध्य काढला, पडताना बसणाऱ्या झटक्याची दिशा काढली, आणि पेन्सिलने भिंतीच्या फरशीवर फुली मारली. शास्त्रीय फुली. मालकांनी तिथे ड्रिल टेकवलं, दाबलं, आणि भिंतीतून पाण्याची धार थेट त्यांच्या चष्म्यावर आली. भिंतीतल्या पाइपाच्या बरोबर मध्यावर माझा गुरुत्वमध्य निघाला होता.

सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागलं. दुपारपर्यंत मालकांनी कापडं बांधून बघितली, सायकलची ट्यूब गुंडाळून बघितली. शेवटी मीच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नळवाल्या चाचांना घेऊन आलो. तीस वर्षं त्याच गल्लीत राहून त्यांनी मालकांच्या घरात पाय ठेवलेला नव्हता. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून त्यांनी भोक बघितलं.

"कुणी मारलं ह्ये? मुद्दाम नेम धरून मारायचं म्हटलं तरी एवढं बराबर जमायचं न्हाय."

मी टॉवेलने भिंत पुसत होतो. आता बोलावं, असं वाटलं. तोंड उघडलं नाही.

"माझंच चुकलं," मालक म्हणाले.

चाचांनी दोन फरशा काढून पाइप जोडला. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात टेकवलेल्या दांडीकडे गेलं. "ही बसवायची व्हती व्हय? आणा हिकडं. दहा मिनिटाचं काम हाय."

मालकांनी दांडी उचलली आणि छातीशी धरून उभे राहिले. त्यांच्या मागे जिन्याखालची भिंत दिसत होती, लाल आकारांची. मला वाटलं, ते आता नको म्हणणार, आणि काकी कोडोलीला राहणार. मग त्यांनी दांडी पुढे केली.

मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं लागली. चाचांनी दांडीला लोंबकळून दाखवलं, ती हलली नाही. मालक पालथ्या बादलीवर बसले होते.

"चार वर्षं, सर," ते म्हणाले. "दहा मिनिटं व्हती की ओ." चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग चाचांना म्हणाले, "आणि पाच कामं हायत. उद्या येता का?"

चाचांनी दोन दिवसांत चार कामं केली. बल्ब मालकांनी स्वतः बदलला.

रविवारी मी मोटारसायकल काढली. मालक मागे बसले, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पुठ्ठा. कोडोलीला काकी भावाच्या पडवीत बसून शेंगा फोडत होत्या. बोटांत जोर यावा म्हणून डॉक्टरांनी काहीतरी हाताचं काम करायला सांगितलं होतं. मालकांनी पुठ्ठा समोर ठेवला.

"दांडी कुणी बसिवली?" काकींनी विचारलं.

"चाचांनी."

"तुमी न्हाय?"

"न्हाय."

"मग बसली असंल." त्यांनी पेन्सिल उचलली. बोटं अजून थरथरत होती, त्यामुळे रेघ वाकडी गेली. एकेक विचारत सहा ओळी खोडल्या. सातव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"ह्ये अक्षर माझं न्हाय."

"माझं आहे," मी म्हणालो.

"मग खोडा की, सर. ह्ये ऱ्हायलं तर पुठ्ठा कोरा कसा म्हणायचा?"

त्यांनी पेन्सिल माझ्यासमोर धरली. मला ती घेता येईना. शिकवायला उभा राहिलो की माझं तोंड थांबत नाही, त्या दिवशी एक वाक्य बोलायला घाम फुटला. "काकी, तुम्ही दोनदा हाक मारली होती. मालकांना ऐकू आली नाही, मला आली होती. आरसा सरळ व्हायचा होता म्हणून मी गप्प बसलो. आणि ती पाइपावरची फुलीही माझीच."

मालकांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"म्हाईत हाय मला," काकी म्हणाल्या. "मी पडल्या पडल्या ऐकत हुते. 'जरा डावीकडं, जरा डावीकडं.' तुमचं मला खाली ऐकू येतंय, तर माझं तुमास्नी वर येत असणारच की."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"तुमच्या तोंडनं यावं म्हटलं." त्यांनी एक शेंग फोडली. "खोडा आता. मला घरला जायचंय."

मी पेन्सिल घेतली. तेवढ्यात मालकांचा हात मध्ये आला. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले असते तर बरंच झालं असतं. पण त्यांनी तिचं टोक बोटावर घासून बघितलं.

"थांबा. टोक गेलंय," म्हणाले. खिशातून ब्लेड काढून त्यांनी सावकाश, चारी बाजूंनी पेन्सिल तासली, फुंकर मारली, आणि मला दिली. "हं. करा आता."

मी माझी ओळ खोडली. काकी आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. ती बहुतेक आदल्या दिवशीच भरून ठेवलेली असावी.

त्यानंतर मालकांची रोजची सकाळ बदलली. काकी न्हाणीत गेल्या की ते खुर्ची घेऊन न्हाणीच्या दाराशी बसायचे, उजवा कान दाराकडे करून, पेपर उघडून. आत बांगडी दांडीवर वाजली की पान उलटायचे. मी जिन्यावरून चेष्टा करायचो, "मालक, आजचा अग्रलेख फारच मोठा दिसतोय." ते म्हणायचे, "तुम्ही क्लासला जावा की, सर."

मी लग्न करून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मालक वास्तुशांतीला आले. सगळ्यांनी घड्याळं आणि देवाच्या तसबिरी आणल्या होत्या. मालकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्टीलची दांडी आणली. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'आधी ही बसवा', आणि खाली चाचांचा फोन नंबर. मी ती जपून माळ्यावर ठेवली. मालक गेले त्याला आता वर्ष झालं. त्यांची आठवण मला वारंवार येते. दांडी माळ्यावरच होती.

तर गेल्या रविवारी संध्याकाळी बायकोची यादी हातात घेऊन मी चौथ्या ओळीकडे बघत बसलो. मग पेन्सिल, टेप, गुरुत्वमध्य यातलं काहीही न काढता सरळ चाचांना फोन लावला.

"मालकांनी दिलेली ती दांडी व्हय?" चाचा म्हणाले. "अजून बसली न्हाय?"

"सुरुवात झाली आहे," मी म्हणालो.

सोमवारी ते आले आणि भिंतीवर थाप मारून पाइप कुठे आहे ते आधी बघितलं. दांडी बसली. ती ओळ बायकोने स्वतः खोडली. पंख्याची दोन पाती अजून राहिली आहेत.

गुरुवारी आई आली. शुक्रवारी सकाळी ती न्हाणीत गेली आणि थोड्या वेळाने बायको मला शोधत बाहेर आली. मी पेपर घेऊन न्हाणीच्या दाराशी उभा होतो.

"इथे काय करताय? क्लास नाही का?"

"बातमी वाचतोय."

तिने माझ्या हातातला पेपर सुलटा करून दिला आणि आत निघून गेली. आत बांगडी दांडीवर वाजली. मग आईने हाक मारली, आणि पहिल्याच हाकेला मी ओ दिली. तिला साबण हवा होता.